हरळीचा खोडवा

दोन वर्षांपूर्वी घरासमोरच्या मोकळ्या जागेत आम्ही लॉन केलं. चटईसारखं गुंडाळलेलं गवत टेम्पोतून आलं, चौरस फुटाच्या भावानं. नेमके त्याच दिवशी गावाकडून आबा आले होते. त्यांनी चार काड्या उपसून मुळी बघितली आणि मान वर केली.

"आरं, ही हरळी हाय."

"हो आबा. तिचीच सुधारलेली जात."

"इकत घेतलीस?"

पुढं ते काही बोलले नाहीत, चहासुद्धा गप्पच प्याले. त्यांचं तरी काय चुकलं? निम्मी हयात उसातली हरळी खणण्यात गेलेली. वरून धावते, खालूनही धावते आणि मुळीचं एक कांडं राहिलं तरी पहिल्या पावसात जीव धरते. म्हणून उन्हाळ्यात रान खोल नांगरायचं, मुळ्या उन्हात वाळवायच्या, वेचून जाळायच्या. आणि पुतण्या तीच हरळी दारात अंथरून वर पाइपानं पाणी मारतोय!

हरळी मूळची उष्ण हवेतली. आपल्या कोल्हापूरची थंडी ती काय, पहाटे 14-15 अंश. तेवढ्यानंही ती अंग आखडून बसते. मरत नाही, नुसती खाकी पडते. गेल्या जानेवारीत ते बघून मी घाबरलो आणि मुठीनं युरिया फेकला. युरियात 46 टक्के नत्र, गवत झोपेत, आणि पाणी द्यायचं दुसऱ्या दिवशी आठवलं. जिथं मूठ जड पडली तिथं ताटलीएवढे गोल करपले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "इथं पातेली ठेवली होती काय?"

यंदा महाशिवरात्रीच्या सुमाराला आबा पुन्हा आले. न विचारताच खुरपं मागितलं आणि लॉनच्या कोपऱ्यातून केकच्या तुकड्यासारखी एक फोड काढली. वर थोडं हिरवं, खाली माती आणि मधे बोटभर जाडीचा तपकिरी, नमद्यासारखा थर. बोटानं दाबला तर स्पंजासारखा दबला.

"ह्ये पाचट. पाणी वरच्या वर पितंय, मुळीला घोट न्हाई." मग जरा थांबून, "तुझा खोडवा आलाय लेका. खोडव्याला काय करत्यात?"

मी शेती केली नाही, पण वाढलो त्याच घरात. खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक. ऊस तुटला की बुडखे कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे, म्हणजे कोंब मातीखालून जोमानं येतात. वरंब्यांच्या बगला फोडून मुळांना हवा द्यायची. मग खत, मग पाणी. पाचटाचा तेवढा फरक. उसात आबा ते जाळत नाहीत, सरीत कुजवतात. इथं मात्र थर एवढा जाड झाला की काढूनच टाकावा लागतो.

मशीन खाली करत दोन फेऱ्यांत गवत अगदी बुटकं केलं. मग दाताळं घेऊन उभं-आडवं ओढलं. वीस बाय पंधराच्या तुकड्यातून तीन पोती निघाली! लॉन नव्यानं जावळ काढलेल्या पोराच्या डोक्यासारखं दिसायला लागलं आणि घरातून "होतं ते बरं होतं" असा शेरा आला. मुलांच्या फुटबॉलनं गोलसमोरची माती फरशी झाली होती (कोल्हापुरात फुटबॉल बंद करा म्हणायची माझी छाती नाही). तिथं चार दातांचा काटा रोवून वीतभर अंतरावर भोकं पाडली. पोयटा, वाळू आणि चाळलेलं शेणखत कालवून वरून पातळ पसरलं, गवताचे शेंडे उघडे राहतील इतपतच. खताला आबांनी हात लावू दिला नाही. "आधी निम्मं हिरवं हू दे. उठल्याबिगर कोण जेवतंय का?"

लव्हाळा, हे गाठीचं तण, मात्र आबांनाही पुरून उरला. तो चटईबरोबरच आला होता. विकणाऱ्यानं त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, हे उपकारच. पात ओढली की हातात येते, गाठ खालीच राहते आणि आठवड्यात तिथं पुन्हा पाती. महापुरात लव्हाळी वाचतात हे पंचगंगेकाठच्या माणसाला सांगायला नको, 2019 आणि 2021 दोन्ही पाहिलेत आम्ही. ओल्या मातीत खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचा, एवढंच हातात आहे. काढताना नागरमोथ्याचा वास तेवढा झकास येतो.

पाडव्याच्या आधी फुटवे दिसले. आधी कडेनं, मग भोकांच्या ओळीनं, टाके घातल्यासारखे. त्यानंतर युरिया दिला, मोजून, संध्याकाळी, आणि लगेच भरपूर पाणी.

चैत्रात जोतिबाला जाता जाता आबा डोकावले. लॉनच्या कडेला उकिडवे बसले, हिरव्यावरून तळवा फिरवला. "फुटवा झ्याक हाय," म्हणाले. आणि बोलता बोलता त्यांचा हात फरशीवर आलेल्या एका कांड्याला लागला. बोटांनी ते मुळासकट उपटलं, झटकून माती झाडली आणि कंपाउंडपलीकडं भिरकावलं.

मग माझ्याकडं बघून ओशाळले. "हाताची सवय रं."