मिलटाउन मालबेचा सुतार

आयर्लंडमध्ये मोहरच्या समुद्रकड्यांवर आम्ही फार वेळ काढला नाही. धुकं, बोचरा वारा आणि बसांतून उतरणारी माणसंच माणसं. गॉलवे सुंदर आहे, डब्लिनही आवडलं. पण त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला सांगायचंय ते क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मालबे या छोट्या गावातल्या एका संध्याकाळीबद्दल.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात इथे विली क्लॅन्सी या वादकाच्या नावानं संगीतशाळा भरते. गावात खोली मिळेना, म्हणून बाहेरच्या एका शेतावरच्या घरी राहिलो. घरच्या आजींनी ओळखपाळख नसताना पावसात भिजलेले आमचे बूट उचलून चुलीजवळ ठेवले. त्यापुढे मला कुठलंही हॉटेल नको.

विली 1918 साली नाताळच्या आदल्या दिवशी या गावाजवळच जन्मला. पेशानं सुतार. आधी व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) आणि बासरी वाजवायचा. 1936 साली जॉनी डोरन हा घोडागाडीतून जत्रा-शर्यती करत फिरणारा वादक त्याच्या कानावर पडला आणि विलीला इलन पाइप्सचं, म्हणजे आयरिश बॅगपाइपचं, वेड लागलं. हे वाद्य तोंडानं फुंकत नाहीत. एका काखेतला भाता चालवून दुसऱ्या काखेतल्या पिशवीत हवा भरायची, बोटांनी सूर धरायचे, खाली अखंड षड्ज चालू, आणि मध्येच मनगटानं चाव्या दाबून साथही आपणच करायची. सात वर्षं शिकणं, सात रियाज, सात वादन, तेव्हा कुठे वादक होतो, असं तिथले लोक म्हणतात. पोटासाठी विली डब्लिनला गेला, मग लंडनला. तिथेही सुतारकामच. 1957 मध्ये वडील गेले तेव्हा परतला, तो कायमचा.

त्या संध्याकाळी पबच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मंच नाही, माइक नाही. वादक टेबलाभोवती बसलेले, आपण भिंतीला चिकटून उभं राहायचं. पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलीनं पाइप्सवर एक जिग, म्हणजे नाचाची चाल, वाजवली. शेजारच्या म्हाताऱ्या फिडलवाल्यानं (फिडल म्हणजे व्हायोलिनच) तिला विचारलं, "कुणाची गं?" ती म्हणाली, "विलीची. त्याला वडिलांकडून मिळालेली, त्यांना गॅरेट बॅरीकडून."

मला एकदम भरून आलं. गॅरेट बॅरी हा याच भागातला अंध पाइप्सवादक, 1847 चा, म्हणजे आयर्लंडच्या ऐन महादुष्काळातला जन्म. तो 1899 साली वारला, विलीच्या जन्माच्या किती आधी! विलीनं त्याला कधी ऐकलंच नाही. वडील गिल्बर्ट यांनी बॅरीच्या चाली बासरीवर आणि गळ्यात जपल्या, आणि त्या घरातच मुलाच्या कानावर पडल्या. आपल्याकडे बंदिशीआधी गुरूचं नाव घेऊन कानाची पाळी धरतात, तेवढ्याच सहजतेनं ती मुलगी तीन नावं घेऊन मोकळी झाली. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि तीच जिग पुन्हा उचलली. या वेळी सगळं टेबल वाजत होतं.

विली 1973 च्या जानेवारीत गेला, अवघ्या चोपन्नाव्या वर्षी. त्याच उन्हाळ्यात मित्रांनी ही शाळा सुरू केली. स्मारक करायचं तर असं करावं, असं मला मनापासून वाटतं. गावात त्याचा पुतळाही आहे, पण तो बघायला दोन मिनिटं पुरतात. शाळेत दिवसभर पोरं घामाघूम होऊन भाता चालवत असतात.

जाणार असाल तर खोली हिवाळ्यातच ठरवा. आणि कृपा करून वादकाच्या बोटांवर मोबाइल रोखू नका. आमच्या पुढचा एक गट संथ चाल सुरू असताना मोठमोठ्यानं फुटबॉलवर बोलत होता. म्हाताऱ्यानं दोनदा वर पाहिलं, तरी थांबले नाहीत. त्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.