मका, ओकचे पिंप आणि चहाचे ग्लास

अमेरिकेत नोकरी करणारा भाचा दिवाळीत आमच्या साकोली तालुक्यातील गावी आला, तेव्हा त्याने 'नॉब क्रीक' या बर्बनची, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीची, एक बाटली माझ्या हातात दिली आणि एवढेच बजावले, "मामा, यात सोडा घालू नका." (परवाना माझ्याकडे आहे, हे ओळखीच्या मंडळींसाठी आधीच नोंदवून ठेवतो.) धानाची मळणी आटोपून थंडी बऱ्यापैकी पडेपर्यंत मी तिला हात लावला नाही, आणि मग एका संध्याकाळी शेजारच्या गुरुजींना ओसरीवर बोलावले.

लेबलवर 'स्मॉल बॅच' हे शब्द पाहून, कुणीतरी हातभट्टीसारखी थोडी थोडी गाळत असावे, असा तर्क गुरुजींनी केला. प्रत्यक्षात या शब्दांना कायद्याची व्याख्याच नाही. निवडक पिंपांतील व्हिस्की एकत्र करून बाटल्या भरायच्या, पण ती पिंपे किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे. 1992 पासून बाजारात असलेली नॉब क्रीकही याच प्रकारात मोडते. मला त्या शब्दांपेक्षा 'बर्बन' हा शब्द अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यामागचे नियम कडक आहेत: धान्यात किमान 51 टक्के मका हवा, मुरवण्यासाठी आतून जाळलेले ओकचे कोरे पिंप हवे आणि वरून रंग मिसळायचा नाही. आमच्याकडची मोहाची दारू भट्टीतून पाण्यासारखी नितळ उतरते आणि तशीच संपते. बर्बनही पिंपात शिरताना तितकीच नितळ असते, आणि तिचा सगळा तांबूसपणा लाकडाने दिलेला असतो. ती जिथे मुरते, त्या अमेरिकेतील केंटकी राज्याच्या उन्हाळ्यात ती फुगून जळक्या लाकडात शिरते आणि थंडीत आकसून बाहेर येते. आमच्या माळ्यावरच्या मे महिन्यात असे पिंप ठेवले, तर नॉब क्रीक मुरते तितक्या, म्हणजे 9 वर्षांनी त्यात काय उरेल, याचा हिशेब गुरुजींनी हसत हसत सोडून दिला.

स्टीलच्या ग्लासात रंग दिसला नसता, म्हणून चहाचे काचेचे छोटे ग्लास काढले. अल्कोहोल 50 टक्के असल्याने पहिल्यांदा हुंगताना नाकाला झोंबले. तोंड किंचित उघडे ठेवून पुन्हा हुंगल्यावर मात्र करपत आलेली साखर, व्हॅनिला आणि रंधा मारलेल्या लाकडाचा वास वेगवेगळा कळू लागला. पहिला घोट जिभेवर गोड आणि घशात तिखट लागला. मग चमच्याने पाण्याचे चार थेंब घातले, तेव्हा तिखटपणा मागे सरून शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी खमंग चव पुढे आली. गुरुजींनी बर्फ मागितला, तो मी दिला नाही. गारव्याने वास दबतो, आणि आम्ही वासासाठीच बसलो होतो.

मका मात्र सापडेना. शेवटी दोन थेंब तळहातावर चोळले: आधी अल्कोहोल उडाले, मग लाकूड विरले, आणि सर्वांत शेवटी भाजलेल्या कणसाचा वास उरला. गुरुजींनी माझा हात ओढून स्वतः हुंगून पाहिला, तेव्हाच त्यांचा विश्वास बसला.

ग्लास रात्री तसेच राहिले. सकाळी पत्नीने ते विसळायला उचलले, एक नाकाजवळ नेला आणि विचारले, "यात वाळलेली मोहफुले ठेवली होती का?"