पन्ह्यातलं मीठ

एप्रिल लागला की सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत कैऱ्यांचे ढीग पडतात आणि विकणारी बाई प्रत्येक ढिगाकडे बोट दाखवून "आंबटढाण हाय बघा" म्हणते. काल दुपारी तिच्या शब्दावर किलोभर आणल्या, कुकरला लावल्या. पहिल्या शिट्टीबरोबर उकडलेल्या सालीचा तो तुरट वास घरभर झाला आणि पुढे कितीतरी वेळ मी कामाची राहिले नाही.

पन्हं उकडलेल्या कैरीचंच. कच्ची कैरी किसून करणारेही लोक आहेत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यांच्याकडची आंबेडाळ झकास असते, म्हणून मी काही बोलत नाही. पण गर मिक्सरला लावणाऱ्यांना मात्र माफी नाही. तो हातानंच कुस्करायचा. एखादी रेषा दाताखाली आली पाहिजे. कोयी चोखायला पूर्वी पोरं टपलेली असायची. आता ती जबाबदारी मीच उचलते.

गूळ की साखर हा आमच्या घरचा जुना तंटा. उजनीच्या पाण्यावर ऊस माजलेला, जिल्ह्यात साखर कारखाने हवे तेवढे, तरी आजी पन्ह्यात साखरेचा दाणा पडू देत नसे. "साखर चहात घाला," म्हणायची. गुळानं रंग मळकट होतो, पाहुण्यांपुढे ठेवायला बरा दिसत नाही, हे आईचं म्हणणं. म्हणून मग पाहुण्यांच्या पेल्यात केशराच्या दोन काड्या, आणि आम्हाला नुसती वेलची.

मिठाबद्दल मात्र दोघींचं एकमत. मुंबईच्या मावसबहिणीला ते खटकतं. तिकडे घाम निथळतो, दिसतो तरी. इथे मे महिन्यात पारा 43 अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी, की घाम फुटल्या जागीच सुकतो. संध्याकाळी गडद ब्लाउजच्या पाठीवर पांढरी रेघ उमटलेली दिसते, तेव्हा कळतं अंगातलं किती मीठ गेलं ते. गोड आणि खारट जोडीनं पोटात गेलं की आतडी पाणी लवकर ओढून घेतात. दवाखान्यातल्या जलसंजीवनीच्या पुडीतही तीच जोडी. आजीचा मुद्दा एवढाच, की मिठाशिवाय पन्हं म्हणजे गुळाचं पाणी.

आमचं घर पूर्व भागात. शेजारच्या कानडी घरातून रामनवमीला सुंठ-मिऱ्याचं पानक यायचं, घशात जाळ काढणारं. समोरच्या तेलुगू घरातून पाडव्याला उगादीची पच्चडी: चिंच, गूळ, कैरी आणि वर कडुलिंबाचा मोहोर. तो मोहोर आम्ही बोटानं बाजूला सारायचो. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून आमच्याकडून पन्हं जायचं. पोचवायला अर्थात मी.

समोरच्या अक्का दारातल्या सावलीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असत. भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं कातरायची, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. नजर सुपात. हात तंबाखूचे, पेला धरणार कसा? त्या मान मागे टाकून तोंड उघडायच्या आणि मी उभ्यानं वरून तांब्यातली धार सोडायची. बोटं तेवढ्यातही चालूच. एक थेंब पानांवर पडला तर ओरडा, तोही तेलुगूत. त्या ओरड्यासाठीच मी मुद्दाम धार उंच करत असे, आणि मागे उभी असलेली पोरं खिदळायची.

अक्कांना मजुरी हजार विड्यांमागे मिळायची, हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते.