पेरेयास्लावची एकतर्फी शपथ

युक्रेन आणि रशिया यांच्या नात्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा हजार वर्षांपूर्वीच्या कीव्हच्या राज्यापासून सुरू होते आणि दोघांचे पूर्वज एकच की वेगळे, या वादात अडकून पडते. मला मात्र या भांडणाचे मूळ जानेवारी १६५४ मध्ये पेरेयास्लाव गावी झालेल्या एका शपथविधीत अधिक स्पष्ट दिसते.

पोलंडविरुद्ध १६४८ मध्ये बंड पुकारलेला, युक्रेनमधील लढवय्या कोसॅकांचा हेटमन (म्हणजे सरसेनापती) बोहदान ख्मेल्नित्स्की तोवर मॉस्कोच्या त्सारचे छत्र स्वीकारण्यास तयार झाला होता. सगळे चर्चमध्ये जमल्यावर कोसॅकांनी त्सारचा वकील वासिली बुतुर्लिन याच्याकडे मागणी केली की, आमचे हक्क राखले जातील अशी शपथ त्यानेही त्सारच्या वतीने घ्यावी. प्रजेपुढे शपथ घेण्याची त्सारची रीत नाही, असे सांगून बुतुर्लिनने साफ नकार दिला. पोलंडचे राजे घेतात, असे कोसॅकांनी सुनावले, तेव्हा ते काही खरे एकछत्री राजे नव्हेत, त्यांचा दाखला नको, असे उत्तर आले. ख्मेल्नित्स्की उठून गेला, सरदारांशी मसलत करून परतला आणि त्याने त्सारशी निष्ठेची शपथ घेतली. ही हकीकत मुख्यतः बुतुर्लिनच्याच अहवालातून कळते, म्हणजे नकाराची साक्ष खुद्द नकार देणाऱ्याचीच आहे.

कोसॅकांच्या लेखी हा अटींवर झालेला करार होता, तर मॉस्कोच्या लेखी ती प्रजेने पत्करलेली अधीनता होती. त्याच वर्षी मार्चमध्ये ठरलेल्या कलमांत ६०,००० कोसॅकांची फौज मान्य झाली खरी, पण त्या कलमांचे मूळ कागद आज उपलब्ध नाहीत, त्यामुळे वादाला कायमचे रान मोकळे राहिले. १६६७ मध्ये आंद्रुसोव्होच्या तहाने मॉस्को आणि पोलंड यांनी द्नीपर नदीच्या दोन तीरांवर युक्रेन वाटून घेतले, तेव्हा कोसॅकांना कोणी विचारलेही नाही. पुढे १८७६ च्या एम्स फर्मानाने रशियन साम्राज्यात युक्रेनियन भाषेतील छपाईवर जवळजवळ पूर्ण बंदी आली.

सोव्हिएत सत्तेने १९५४ मध्ये याच शपथेची त्रिशताब्दी दोन बंधुराष्ट्रांच्या पुनर्मीलनाचा सोहळा म्हणून थाटात साजरी केली आणि त्याच वर्षी क्रिमिया युक्रेनकडे सोपवला. कीव्हमधील मैत्रीच्या कमानीखाली १९८२ मध्ये पेरेयास्लाव सभेचे शिल्पही उभे राहिले. ते २०२४ मध्ये हटवण्यात आले. ख्मेल्नित्स्की मात्र युक्रेनच्या ५ रिव्न्यांच्या नोटेवर आला आणि कीव्हच्या चौकातला त्याचा १८८८ चा अश्वारूढ पुतळाही जागेवर आहे. मला यात विसंगती वाटत नाही, कारण तिथे त्याचे स्थान पोलंडविरुद्ध राज्य उभारणारा हेटमन म्हणून आहे.