नागीण नाही, किडा!

मानेवर लालभडक पट्टा, त्यावर बारीक फोड आणि आग अशी की शर्टाची कॉलर टेकू देईना. शेजारच्या काकूंचा निकाल तयार: "नागीण हाय बाप्पा, गेरू लाव!" आई म्हणे घामोळं.

धरमपेठेतल्या स्किनच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "रात्री ट्यूबलाइटखाली बसता का?" पावसाळ्यात एवढा उकाडा, खिडकी उघडी टाकून बसणारच ना! दोषी निघाला पेडेरस. मोठ्या मुंगीएवढा, नारिंगी-काळा किडा. गंमत म्हणजे हा चावतही नाही, डंखही मारत नाही. मानेवर काही वळवळलं की आपणच त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन हे विष कातडीवर पुसलं जातं. हात जिकडे ओढला, तिकडे पट्टा. पुरळ उठतं एक-दोन दिवसांनी, तोवर किडा कोणाला आठवतो? कोपराच्या घडीत लागलं तर समोरासमोर जुळे डाग उमटतात.

नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्याच विषाणूने होते, साधारण एकाच बाजूला नसेच्या रेषेत उठते आणि बरेचदा पुरळाआधीच ठणका लागतो.

मला थंड पाण्याच्या पट्ट्या आणि थोडे दिवस स्टेरॉइडचं मलम दिलंय. आठवडा-दहा दिवसांत जाईल म्हणाले, काळा डाग मात्र रेंगाळेल. किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा, तो हात डोळ्याला अजिबात लावू नका.

खिडकीला जाळी ठोकायला उद्या माणूस येतोय.