ब्लेड सर्व्हरवर लिनक्सची रेड-१ बूट डिस्क: माझा अनुभव

आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय मालवणात आणि सर्व्हरवाल्याचा इंजिनिअर कोल्हापुरात. मध्ये घाट. पावसाळ्यात करूळला दरड आली की फोंड्याने फिरून यायचं, तिथेही झाड आडवं पडलं तर आजचं काम उद्यावर. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने इथली वीज कित्येक दिवस गेली होती. आपला सर्व्हर आपल्यालाच उभा करता आला पाहिजे, हे माझ्या मनाने तेव्हाच घेतलं. म्हणून नवीन ब्लेड आली तेव्हा मिरग लागायच्या आत तिच्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) मी स्वतः घातलं.

ब्लेड म्हणजे कपाटाच्या खणात सरकवावी तशी चपटी मशीन. वीजपुरवठा, पंखे, नेटवर्क हे सगळं चॅसीचं, म्हणजे त्या कपाटाचं, सामायिक. तिच्या स्वतःच्या अंगावर प्रोसेसर, मेमरी आणि तोंडाशी अडीच इंची अशा दोन डिस्क. डीव्हीडी ड्राइव्ह नाही, म्हणून आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची अख्खी डिस्क असलेली फाइल, लॅपटॉपवरून व्हर्च्युअल मीडियाने (नेटवर्कवरून) जोडली. डिस्क दोन्ही ४८० जीबीच्या एसएसडी. रेड-१ मध्ये एकीवर लिहिलं ते दुसरीवर जसंच्या तसं उतरतं, त्यामुळे वापरायला जागा एकीचीच मिळते.

आधी मी फर्मवेअरच्या, म्हणजे मशीनच्या अंगातल्या मूळ प्रोग्रॅमच्या, मेन्यूत जाऊन दोघींचा रेड-१ बनवला. मेन्यूत एकच ड्राइव्ह दिसला, मला वाटलं झालं काम. इन्स्टॉलर उघडला तर समोर दोन सुट्या डिस्क! हा चिपसेटमधला रेड. त्यात वेगळा कंट्रोलर नसतो, सगळं काम ड्रायव्हर करतो. आमच्या ब्लेडचा ड्रायव्हर ठरावीक डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या प्रकारांच्या) ठरावीक आवृत्त्यांपुरताच होता. उद्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला आणि ड्रायव्हर जुळला नाही तर? तो नाद मी सोडला, मोड एएचसीआय (डिस्क सुट्या दाखवणारा) केला आणि लिनक्सचाच रेड, म्हणजे एमडीअ‍ॅडम, वापरायचं ठरवलं. ह्या रेडची डिस्क लिनक्स असलेल्या कुठल्याही साध्या पीसीला लावून वाचता येते. आमच्यासारख्या ठिकाणी हे फार मोलाचं आहे.

दोन्ही डिस्कवर सारखी पार्टिशन केली: पुढे बूटच्या फायलींसाठी ५१२ एमबीचं ईएफआय, मग सगळी यंत्रणा असलेलं रूट, मग मेमरी कमी पडली तर वापरायचा स्वॅप. रूट आणि स्वॅप दोन्ही रेडवर. स्वॅप रेडबाहेर ठेवला आणि चालू असताना तीच डिस्क गेली, तर स्वॅपमध्ये पडलेले प्रोग्रॅमही तिच्याबरोबर जातात. इन्स्टॉल व्यवस्थित पार पडलं. रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये कंसात दोन यू आले, म्हणजे दोन्ही डिस्क जाग्यावर.

पण मला खात्री हवी होती. ब्लेड बंद केली, पहिली डिस्क ओढून काढली आणि परत चालू केली. स्क्रीनवर नेटवर्क बूटच्या ओळी फिरू लागल्या. डेटा दुसऱ्या डिस्कवर होता, पण तिथवर नेणारं कोणी नव्हतं. फर्मवेअरला लिनक्सचा रेड कळत नाही, त्याला फॅट मांडणीचं साधं पार्टिशन लागतं, आणि इन्स्टॉलरने ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम, फक्त पहिल्या डिस्कच्या ईएफआयमध्ये घातला होता. दुसरीचं ईएफआय कोरं.

पहिली डिस्क परत लावली. दुसरीचं ईएफआय फॅटमध्ये फॉरमॅट करून पहिलीच्या फायली त्यात कॉपी केल्या, आणि ईएफआयबूटएमजीआर या कमांडने फर्मवेअरच्या बूट यादीत तिची वेगळी नोंद केली. पुन्हा बंद, पुन्हा डिस्क बाहेर. या वेळी ग्रब आला, कर्नल सुरू झाला, आणि एका ओळीवर अडकला. पुढे घड्याळ मोजतंय: दीड मिनिट. मग थेट इमर्जन्सी मोड.

शिपाईकाका दारात उभे होते. "झाला काय रे?"

"अजून नाय, काकानू. थोडो टायम लागतलो."

"बघ हां, पावसात लाईट गेली की हय कोण येवचो नाय."

मी एफस्टॅब (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) उघडली आणि चूक दिसली. बूट-ईएफआयच्या ओळीत यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) काढलेल्या डिस्कचा होता. सिस्टमडी (बूटच्या वेळी सगळं सुरू करून देतं ते) त्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघत होतं आणि ते मिळालं नाही म्हणून सगळंच थांबवत होतं. चालू यंत्रणेला खरं तर ते पार्टिशन लागतही नाही! त्या ओळीत नोफेल हा एक शब्द घातला, म्हणजे ते पार्टिशन नसलं तरी थांबायचं नाही. तिसऱ्या खेपेला लॉगिन आलं. एमडीस्टॅटमध्ये एक यू आणि त्याच्या शेजारी रेघ. नंतर पहिली परत जोडली, तिच्यावर सगळं पूर्ण उतरू दिलं, आणि दुसरी डिस्क काढून तीच परीक्षा उलट बाजूनेही घेतली.

नवीन डिस्क बसवण्याचा सरावही करून ठेवला. इथे एका गोष्टीला जपा. पार्टिशन टेबल (डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद) एसजीडिस्क या कमांडने नव्या डिस्कवर उतरवताना कॅपिटल आर पर्यायाला चिकटून जिचं नाव येतं ती डिस्क लिहिली जाते आणि जिच्यावरून उतरवायचं तिचं नाव शेवटी येतं. क्रम उलटा झाला तर चांगल्या डिस्कवर कोऱ्या डिस्कचं टेबल बसतं. मी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर कागदावर लिहून, मोठ्याने वाचून मगच एंटर दाबलं. शिवाय ग्रबचं अपडेट आलं की दुसऱ्या ईएफआयमध्ये परत कॉपी करावी लागते, ती आपोआप होत नाही. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे: चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते. रोजचा बॅकअप वेगळा चालतोच.

डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी रेड तपासतं. डिस्क गेली तर मेल माझ्या फोनवर येईल असं केलं आहे, आणि चाचणीचा मेल येईपर्यंत मी त्या खोलीतून हललो नाही. जादा डिस्क सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, चॅसीखालच्या खणात आहे. इथल्या खाऱ्या हवेत उघड्या पिनांवर हिरवट पूड चढते, म्हणून डबा. झाकणाच्या आत सगळ्या पायऱ्यांचा कागद चिकटवला आहे, त्यावर दोन्ही सीरियल नंबर मोठ्या अक्षरात.