खरड छाटणीपासून वाइनपर्यंत: दिंडोरीच्या सेंद्रिय बागेतलं एक वर्ष

ठाणे स्टेशनाबाहेर फेब्रुवारीत हातगाड्यांवर येणारी द्राक्षं थॉमसन, सोनाका, नाहीतर काळी शरद असतात. मणी टपोरा, बी नाही, साल पातळ. वाइनच्या द्राक्षाचं सगळं उलटं. मणी बारीक, आत बिया, साल जाड, आणि गोडी इतकी की मूठभरापेक्षा जास्त खाववत नाही. माझ्या मामांची दिंडोरी तालुक्यात शिराझ (लाल वाइनचं द्राक्ष) आणि शेनिन ब्लांक (पांढऱ्या वाइनचं) यांची बाग आहे. ती पूर्ण सेंद्रिय करायचं त्यांनी ठरवलं, आणि मी म्हटलं, एक अख्खं वर्ष मी तुमच्याबरोबर काढते.

मी राहते कळव्यात आणि रबाळे एमआयडीसीत औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे शनिवार-रविवार आणि साठवलेल्या सगळ्या रजा बागेला दिल्या. खोपटहून पहाटेची एसटी धरायची. खारेगाव ते माणकोली पट्टा पावसाळ्यात किती खातो ते ठाणेकरांना सांगायला नको, पण एकदा कसारा घाट चढला की हवा बदलते आणि माणूसही बदलतो.

द्राक्षाचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. युरोपात वेल थंडीत झोपतो, आपोआप पानं गाळतो. आपल्याकडे तशी थंडी नाही, वेल झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावा लागतो. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी. फळ घ्यायचं ते फक्त दुसऱ्या छाटणीनंतर. खरड छाटणीत हिरवीगार बाग ओलांड्यापर्यंत (तारेवर आडव्या वाढवलेल्या जाड फांदीपर्यंत) उघडी करतात. सुरगाण्याहून आलेली टोळी हे काम करत होती. त्यांच्यातल्या मुकादम ताई कात्री न थांबवता मला सांगत होत्या, कुठला डोळा (काडीवरची फुटीची कळी) ठेवायचा आणि का. दोन ओळी संपल्या तेव्हा माझी एकही ओळ झाली नव्हती, पण त्यांनी माझी प्रत्येक काडी तपासून दिली.

मे महिन्यात बागेत बघण्यासारखं काही नसतं असं मला वाटायचं. नुसत्या कोवळ्या फुटी आणि चाळिशीकडे झुकणारं ऊन. मामा म्हणाले, "आत्ता दिसतंय त्यावर जाऊ नकोस. फेब्रुवारीचा घड आत्ता डोळ्यात बसतोय."

हे अक्षरशः खरं आहे. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीवरच्या प्रत्येक डोळ्याच्या आत ठरतं, की तिथून पुढे घड निघणार की नुसती बाळी (वेलाचा आधार धरणारा तणावा). याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्या काळात डोळ्यावर ऊन पडलं पाहिजे, पाणी आणि नत्र बेताचं पाहिजे. ढगाळ हवा लांबली, वेल माजला, तर घड कमी. सबकेन करणं (फुटीचा शेंडा खुडून तिची पोटफूट वाढवणं), शेंडा मारणं, दाटलेल्या फुटी काढणं, हे सगळं त्या एका गोष्टीसाठी. वाइन कशी होणार याचा मोठा हिस्सा मे-जूनच्या उन्हात ठरून जातो, आणि सेंद्रिय बागेत तर नंतर सावरून घ्यायला हाताशी फारसं काही नसतं. वर्षभरात मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट ही.

माझा धंदा प्रयोगशाळेचा, त्यामुळे गोडी छाटणीआधीची काडी तपासणी मी मागून घेतली. नमुन्याच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने ठाण्याला आणल्या. माझी मैत्रीण इथल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तिच्या सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही डोळे उभे चिरून पाहिले. घड असलेल्या डोळ्यात मधोमध बारीक दाणेदार उंचवटा दिसतो. तळाच्या डोळ्यांत कमी, चौथ्या-पाचव्यात स्पष्ट. आम्ही दोघी आळीपाळीने बघत राहिलो, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि पुढच्या वर्षीची वाइन त्या काचपट्टीवर होती! रात्री मामांना फोन करून कितव्या डोळ्यावर काप घ्यायचा ते सांगितलं. त्यांनी तसाच घेतला.

पावसाळा म्हणजे रोग. केवडा (सगळे त्याला डाउनीच म्हणतात), करपा, थंडीकडे भुरी. शेजारच्या बागांत आंतरप्रवाही (पानात शोषली जाणारी) बुरशीनाशकं असतात, ती रोग आत शिरल्यावरही थोडंफार काम करतात. आमच्याकडे बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), गंधक, आणि ट्रायकोडर्मा, बॅसिलस हे रोगाच्या बुरशीला अडवणारे सूक्ष्मजीव. ही सगळी आधी मारायची औषधं. पानावर डाग दिसला म्हणजे उशीर झाला. म्हणून आकाशाकडे बघत राहायचं आणि पावसाच्या आधी फवारणी उरकायची.

एक टक्का बोर्डो करायला शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजवायचे आणि मग एकत्र करायचे. मी पीएच मोजायचं यंत्र घेऊन गेले होते. मामांनी लोखंडी खिळा बुडवला. खिळ्यावर तांबूस थर चढला की चुना कमी आहे, आणखी घालायचा. दोन्ही उत्तरं जुळली. कोवळ्या पानांवर मात्र एक टक्का चालत नाही, पान करपतं, तिथे अर्ध्यावर आणावं लागतं. आणि सेंद्रिय म्हणून बोर्डो वाटेल तितकं मारता येतं असं नाही. तांबं जमिनीत साठतं. युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. त्यामुळे प्रत्येक फवारणीला हिशेब. तांबं मारल्यावर लगेच ट्रायकोडर्मा सोडायचा नाही, कारण तीही बुरशीच.

ओळींमधली जमीन उघडी ठेवली नव्हती. ताग पेरला, फुलायच्या आधी कापून तिथेच आंथरला. जीवामृत मामी करायच्या: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधाखालची मूठभर माती. मिलीबगसाठी (पिठ्या ढेकणासाठी) खोडाची सुटी साल घासून काढली. मुंग्या रांगेने वर चढताना दिसल्या की तिथे मिलीबग शोधायचा, हेही मामींनीच शिकवलं.

आणि कागद. आपल्याकडचं सेंद्रिय प्रमाणीकरण राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली चालतं. तो 2001 साली सुरू झाला. द्राक्षासारख्या बहुवर्षीय पिकाला रूपांतराचा, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियमध्ये जाण्याचा, काळ तीन वर्षांचा. आमचं दुसरं वर्ष. काय फवारलं, कधी, कुठून आणलं, पावती कुठे, शेजारच्या बागेतून फवारा उडून येतो त्या बाजूच्या किती ओळी वगळल्या, सगळं मामींच्या वहीत. निरीक्षक आले तेव्हा त्यांनी बागेपेक्षा वहीच जास्त वेळ पाहिली. मला ते पटलं. आमच्या औषध कंपनीतही असंच असतं, लिहिलेलं नाही म्हणजे केलेलं नाही.

गोडी छाटणीनंतर सेंद्रिय बागेचं खरं अवघडपण समोर आलं. इतरत्र छाटणी झाली की डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, आणि अख्खी बाग एकदम फुटते. सेंद्रियमध्ये ते बंद. आम्ही छाटणीआधी पाणी तोडलं, हाताने पानगळ केली, तरी डोळे मागेपुढे फुटले. एकाच वेलीवर एक फूट वीतभर आणि शेजारचा डोळा अजून पोंग्यात (नुकताच फुगलेला, न उघडलेला). मागेपुढे फूट म्हणजे मागेपुढे फुलोरा, आणि मग मागेपुढे पिकणं. त्यात परतीचा पाऊस. काही घड जिरले, बाळ्या झाल्या. मामांनी तेव्हाच ठरवलं की काढणी दोन हातांत करायची: पिकलेलं आधी, उरलेलं नंतर. मजुरी वाढते. सेंद्रिय वाइन महाग का, याचं मला मिळालेलं सगळ्यात सरळ उत्तर हे आहे.

डिसेंबर-जानेवारी मात्र सुखाचा. रात्री कडाक्याची थंडी, दिवसा ऊन. या फरकामुळे गोडी चढते आणि आंबटपणाही टिकतो. शिराझच्या मण्यांत पाणी उतरलं, घड जांभळे व्हायला लागले, आणि साळुंक्या-बुलबुल आले. जाळ्या लावल्या. काढणीच्या महिनाभर आधी गंधक बंद केलं. सालीवर गंधक राहिलं तर आंबवताना सडक्या अंड्याचा वास येतो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला शेनिन 22 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास आली, शिराझ महिनाअखेरीस 24 ला. रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा दिसतो, पण मामा बी चावून बघायचे. बी तपकिरी, कुरकुरीत, कडवटपणा गेलेला, की तोडायचं. काढणी अंधारात, डोक्याला बॅटरी लावून, कारण फळ थंड असतानाच वायनरीत पोचलं पाहिजे. शेनिनच्या काढणीला माझी आईही ठाण्याहून आली होती. आमच्या घरी कुणी घेत नाही. ज्येष्ठ बहीण म्हणून ती मामांना आधी बरंच बोलली होती. पण त्या दिवशी तिने सगळ्यांच्या बरोबरीने क्रेट भरले, आणि प्रेसमधून निघालेला ताजा रस दोन पेले प्यायली.

वाइन घरी करता येत नाही, परवान्याशिवाय करणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, तेव्हापासून नाशिक भागात वायनऱ्या वाढल्या. जवळच्या एका लहान वायनरीशी मामांचा करार आहे. आमच्या मालाला वेगळ्या टाक्या, आणि मला तिथे हात लावायची परवानगी.

पांढरी वाइन म्हणजे आधी दाबायचं, गाळ बसू द्यायचा आणि नितळ रस 15 अंशांच्या आसपास सावकाश आंबवायचा. लाल वाइनमध्ये साल रसातच राहते, रंग आणि तुरटपणा तिच्यातूनच येतो. आंबायला लागलं की साली वर येऊन जाड थर धरतात. तो दिवसातून तीन-चार वेळा खाली दाबावा लागतो, नाहीतर वरून व्हिनेगरकडे जायला लागतं. टाकीत वाकायचं नाही, ही तिथली पहिली ताकीद. वर कार्बन डायऑक्साइड असतो, माणूस बेशुद्ध पडतो. दर लिटरला साधारण 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं. रोज सकाळी घनता मोजून मी वहीत रेघ काढायची. ती रेघ सरळ उतरत गेली. पुढे शिराझमधलं तिखट आंबट मॅलिक आम्ल जिवाणूंनी सौम्य लॅक्टिक आम्लात बदललं. ते संपलं का हे पाहायला कागदी क्रोमॅटोग्राफी (आम्लं कागदावर वेगवेगळी करून पाहायची चाचणी) केली. कॉलेजनंतर पहिल्यांदा!

सोसायटीत मला हमखास विचारतात, सेंद्रिय वाइनमध्ये सल्फाइट नसतंच ना? असतं. यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं, आणि बहुतेक नियम थोडं घालूही देतात. युरोपात सेंद्रिय कोरड्या लाल वाइनला लिटरमागे 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, साध्या वाइनला 150. आम्ही मर्यादेच्या बरंच खाली राहिलो. ते जमलं कारण घडात सडका मणी जवळपास नव्हता. त्याचं श्रेय पहाटे एकेक घड निवडणाऱ्या सुरगाण्याच्या बायकांचं.

शेनिन आता बाटलीत आहे. पेरूसारखा वास, शेवटी स्वच्छ आंबटपणा, मला मनापासून आवडली. शिराझ अजून टाकीत. लेबलवर 'सेंद्रिय' लिहिता येणार नाही, रूपांतर पूर्ण व्हायचं आहे. भाव साध्या द्राक्षाचाच मिळाला आणि उत्पादन शेजाऱ्यांपेक्षा कमी. मामा या एप्रिलला थांबतील की काय अशी मला धास्ती होती. त्यांनी खरड छाटणीची तारीख विचारायला मलाच फोन केला, शनिवार जमेल का म्हणून. यंदा शेजारच्या बांधाला शेवरीची दाट रांग लावली आहे. ती उंच झाली की वगळलेल्या ओळींपैकी निम्म्या तरी परत मिळतील असा मामांचा अंदाज आहे, आणि निरीक्षकांना दाखवायला तिची नोंद मामींनी वहीत केली आहे.